तीस दिवसांत माल उचला

तुमच्या मोबाईलमध्ये किती लिंका साठवून ठेवल्यात ते आत्ता मोजा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या, टेलिग्रामच्या सेव्हड मेसेजमध्ये कोंबलेल्या, यूट्यूबवर ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला टाकलेल्या, इन्स्टावर जपलेल्या, ब्राउझरच्या बुकमार्कात गेलेल्या. मोजून झालं की त्यातल्या पुऱ्या वाचल्या किती तेही मोजा. लाजू नका. मी मोजलंय. माझ्या तेराशेच्या वर निघाल्या आणि वाचलेल्या शंभरही नव्हत्या.

मी मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं काम करतो. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आताची दहावी. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही म्हणून वाचायची हाव जास्त. ज्याला घरी पोटभर मिळत नाही तो लग्नाच्या पंगतीत खिशात लाडू भरतो, तसं माझं झालं होतं. मार्क्स सापडला, भर खिशात. जपानच्या बुराकू लोकांवर लेख सापडला, भर खिशात. अमेरिकेतल्या काळ्या कवींच्या मुलाखती, कामगार कायद्याची माहिती, इंग्रजी सुधारायचे चाळीस धडे, भर सगळं. पाळी सुटली की लोकलमध्ये उभ्या उभ्या अंगठा फिरवायचा, बटण दाबायचं आणि वाटायचं, आज आपण शिकलो. साला, त्या बटणात काय नशा आहे! दाबलं की छातीत हलकं वाटतं. वाचल्याचं समाधान न वाचता मिळतं. मग झोप चांगली लागते. लाडू खिशातच सडतात.

चळवळीतले आपण सगळे या नशेत आहोत असं माझं मत आहे. बैठकीत कुणी प्रश्न विचारला की उत्तर येतं, ‘लिंक टाकतो ग्रुपवर.’ टाकणारा वाचत नाही, घेणारा वाचत नाही, दोघंही अंगठा दाखवून मोकळे. याला आपण अभ्यास म्हणतो. आणि हा माल ठेवतो कुठं? कुठल्यातरी कंपनीच्या गोदामात. तिथली किल्ली आपल्याकडं नसते.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. चौदा माणसांच्या पगाराच्या भांडणात थोबाड फुटल्यावर आलंय.

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या टोळीचे दोन महिन्यांचे पैसे ठेकेदारानं दाबले. आज देतो, उद्या देतो, मग फोन बंद. त्याचं नाव लिहीत नाही. ज्यांचा माल आम्ही उतरवला त्यांच्या साहेबाकडं गेलो तर साहेब म्हणाला, ‘तुमचा व्यवहार त्याच्याशी, आमचा काय संबंध?’ सगळे गप्प झाले. मग पोरं माझ्याकडं बघायला लागली, कारण टोळीत वाचणारा मी. मी ऐटीत म्हणालो, ‘असं चालत नाही साहेब. ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकाला द्यावी लागते, तसा कायदाच आहे. माझ्याकडं सेव्ह आहे.’

साहेब म्हणाला, ‘दाखव.’

आम्ही गेटाबाहेर चहाच्या टपरीवर आलो. वरून पाऊस, ताडपत्रीतून गळती, मोबाईलवर थेंब. मी शोधतोय. तेराशे लिंका. कायद्याच्याच साठ-सत्तर. सगळ्यांचे मथळे एका साच्यातले, ‘कामगारांनी जाणून घ्यावे असे दहा हक्क’, ‘तुम्हाला हे माहीत आहे का’. कुठल्या पानात ते कलम होतं ते मला आठवेना, कारण मी ते पान वाचलंच नव्हतं. वरच्या दोन ओळी वाचून खिशात टाकलं होतं. अर्ध्या तासानं एक लिंक ओळखीची वाटली. दाबली. पान सापडत नाही, चारशे चार. सरकारी संकेतस्थळाची रंगरंगोटी झाली होती, जुने पत्ते सगळे मेले होते. टोळीतला एकजण चहाचा ग्लास खाली ठेवत म्हणाला, ‘कवी, तुझा कायदा गेला वाहून.’

रात्री चाळीत परतलो. आमच्या माळ्यावर एक काका राहतात. गोदीतून टॅली क्लार्क म्हणून रिटायर झालेले. सकाळी पेपर वाचून झाला की कात्री घेऊन बसतात, म्हणून पोरं त्यांना मागून कातरकाका म्हणतात. मीही हसायचो. सगळं जग मोबाईलमध्ये आलंय आणि म्हातारा पेपर कापतोय! त्या रात्री मात्र त्यांच्या दारात उभा राहिलो.

‘काका, ठेकेदारानं पैसे बुडवले तर मूळ मालकाकडून घेता येतात, असं काही तुमच्याकडं आहे का?’

काकांनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत जुन्या हिशोबाच्या वह्या, त्यांत कात्रणं डकवलेली. प्रत्येक वहीवर एकेक शब्द. पगार. अपघात. घर. फंड. शाळा. ‘पगार’ काढली, मागची पानं उलटली. मागे त्यांनी हातानं अनुक्रमणिका केलेली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ठेका कामगार कायदा, १९७०, कलम २१. कात्रणाच्या बाजूला लाल शाईत काकांच्या हातचं वाक्य, ‘ठेकेदार पळाला तर मूळ मालकाला धर.’ खाली पेपरची तारीख आणि हे कात्रण आजवर कुणाकुणाच्या भांडणात उपयोगी पडलं त्याची नोंद.

झेरॉक्स काढली. काकांनी अर्ज सांगितला, मी लिहिला, चौदा सह्या-अंगठे घेतले. तीन आठवडे खेटे घातल्यावर दोन महिन्यांपैकी दीड महिन्याचे पैसे आले. उरलेला अर्धा महिना बुडालाच.

‘तुझ्याकडं तेराशे आहेत म्हणतोस,’ काका नंतर म्हणाले, ‘माझ्याकडं चारशे असतील. पण पोरा, माझी टॅली झालेली आहे.’

ज्यांनी गोदी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जहाजाच्या हॅचमधून स्लिंग वर येते, धक्क्यावर उतरते. तिथं टॅली क्लार्क कागद घेऊन उभा असतो. नग किती, मार्का काय, गोणी धड की फाटकी, पेटी सरळ की दबलेली, सगळं लिहायचं. जहाजाच्या बाजूचा टॅलीवाला वेगळा, धक्क्याच्या बाजूचा वेगळा. पाळी सुटताना दोघांचे आकडे ताडून बघायचे, जुळले नाहीत तर भांडण. मग मार्क्याप्रमाणं माल शेडमध्ये लावायचा, नाहीतर धनी महिनाभर हुडकत बसेल. स्लिंग खाली टेकली एवढ्यावर गोदीत कुणी ‘माल मिळाला’ असं म्हणत नाही. आपण बटण दाबलं की म्हणतो.

काकांच्या वहीतली गोम मला त्या रात्री कळली. कात्रण कुणीही कापेल. त्यांनी प्रत्येकाच्या बाजूला स्वतःच्या भाषेत एक वाक्य लिहिलं होतं. हे कशासाठी ठेवलं, कुणाच्या कामाचं, याच्याशी जुळणारं दुसरं कुठल्या वहीत. ते वाक्य लिहायचं तर आधी वाचावं लागतं. पळवाट नाही. १९४५ च्या जुलैत, हिरोशिमावर बॉम्ब पडायच्या महिनाभर आधी, व्हॅनेव्हर बुश नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं एक लेख लिहिला होता. युद्धाच्या काळात तिथलं सगळं विज्ञानखातं याच्या हाताखाली, बॉम्बचं कामसुद्धा. त्यानं एका यंत्राची कल्पना मांडली, नाव मेमेक्स. माणसाची सगळी पुस्तकं, कागद, पत्रं एका टेबलात राहतील. वाचता वाचता माणूस एका पानाला दुसरं पान जोडत जाईल, आपले शेरे लिहील आणि ती जोडलेली पायवाट दुसऱ्याला देऊ शकेल. आजच्या बुकमार्कांचं मूळ सांगणारे लोक या लेखापाशी जातात. त्या माणसानं साठ्यापेक्षा पायवाटेवर भर दिला होता. आपण पायवाट सोडली आणि टेबल तेवढं भरत राहिलो. कातरकाकांनी बुशचं नावही ऐकलेलं नाही, त्यांनी पत्र्याच्या पेटीत मेमेक्स करून ठेवलाय.

गोदीत आलेला माल उचलावासुद्धा लागतो. काही दिवस फुकट, पुढं डेमरेज चढतं. तरी कुणी आलं नाही तर कस्टम्स कायदा १९६२ चं कलम ४८ आहे. माल उतरल्यापासून तीस दिवसांत सोडवला नाही, तर धन्याला नोटीस देऊन आणि कस्टम्सची परवानगी घेऊन तो विकता येतो. हाच कायदा मी माझ्या मोबाईलला लावला. लिंक ठेवली ती तारीख पडतेच. तीस दिवसांत वाचली नाही की ती गेली. पहिल्या रविवारी बसून नऊशे लिंका उडवल्या. हात थरथरला, खोटं कशाला बोलू! वाटलं, आपण आपलीच लायब्ररी जाळतोय. नंतर महिनाभर वाट पाहिली की एखादी तरी आठवेल, चुटपुट लागेल. एकही आठवली नाही. म्हणजे नऊशे वेळा मी शिकलो असं मला वाटलं होतं.

कवितेचंही तेच. लोकांच्या दोनेकशे कविता जमवल्या त्या सहा महिन्यांत मी स्वतः एक ओळ लिहिली नव्हती. हे इथंच सोडतो.

आता काहीजण नवा मार्ग सांगतात. लिंक बॉटला द्या, तो वाचून सारांश देतो. द्या की. इंग्रजी पानाचा अंदाज घ्यायला मीही देतो. पण सारांश हा जहाजावरून आलेला कागद आहे. त्यावर ‘पाचशे नग, सुस्थितीत’ लिहिलेलं असतं. पेटी उघडून बघायचं काम धक्क्यावरच्या माणसाचं. साहेबापुढं ‘बॉट म्हणाला’ असं सांगून बघा, साहेब चहासुद्धा विचारणार नाही.

आता गोदामाकडं येतो. समजा आपण वाचलं, शेरा लिहिला, मार्का लावला. माल कुणाच्या छपराखाली आहे?

माझा सगळा माल पॉकेटमध्ये होता. हे पॉकेट २००७ साली ‘रीड इट लेटर’ नावानं सुरू झालं, २०१२ ला नाव बदललं, २०१७ ला मोझिलानं विकत घेतलं आणि ८ जुलै २०२५ ला बंद केलं. माल बाहेर काढायला काही महिन्यांची मुदत दिली, ईमेलवर, इंग्रजीत. आपल्यातले किती पोरं ईमेल उघडतात? पासवर्ड ओटीपीपुरता लक्षात ठेवणारे आपण. भरतीची तयारी करणारा माझा एक मित्र आहे, त्याची तीन वर्षांची जमवाजमव तिथं होती. दिवाळी उलटून गेल्यावर त्यानं ॲप उघडायला घेतलं. मग आला माझ्याकडं, ‘अरे, ते कुठं गेलं?’

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. २००३ मध्ये डिलिशस नावाची सोय निघाली. लिंक ठेवा, तिला हवे ते शब्द चिकटवा, दुसऱ्यानं त्याच शब्दाखाली काय ठेवलंय तेही बघा. जगभरच्या लोकांनी मिळून घातलेली ती अनुक्रमणिकाच होती. खरोखर झकास गोष्ट. २००५ ला याहूनं विकत घेतली, २०११ ला दुसऱ्याच्या गळ्यात मारली, पुढं आणखी हात बदलले. २०१७ मध्ये पिनबोर्ड नावाच्या छोट्या प्रतिस्पर्ध्यानं ती घेतली आणि तिथं नवं काही ठेवणं थांबवलं. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला मेला. गूगलचे स्वतःचे बुकमार्क्स २०२१ ला गेले. ऑम्निव्होर नावाचं चांगलं फुकट साधन होतं, ते २०२४ च्या नोव्हेंबरात बंद झालं. धंदा आहे तोवर छप्पर आहे. गिरण्यांची जमीन बघितलेल्या शहराला हे मी नव्यानं काय सांगू!

आणि छप्पर शाबूत राहिलं तरी माल आतून सडतो. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्रानं २०२४ मध्ये तपासून सांगितलं, २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती. लिंक म्हणजे नुसता पत्ता. पत्ता जपला म्हणून घर राहत नाही. झोपडपट्टीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

बाबासाहेबांची गोष्ट आपण सगळे जाणतो, पण या बाजूनं कधी बघितली नाही. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांनी जमवलेली पुस्तकं वेगळ्या बोटीनं पाठवली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते स्वतः मुंबईला पोचले, पुस्तकांची बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. पोटाला चिमटे घेऊन घेतलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी. मी धक्क्यावर काम करतो म्हणून असेल, पण त्या पेट्या मला दिसतात. त्यांवर मार्काही असेल. पुस्तकं गेली तरी ती वाचून झालेली होती, डोक्यातली कोण बुडवणार? तरी नुकसान ते नुकसानच. पुढं त्यांच्या मागे राहिलेली हस्तलिखितं वर्षानुवर्षं बंद पेट्यांत होती. वसंत मून यांच्यासारख्या माणसानं ती शोधून लावली, शासनाचा पहिला खंड १९७९ मध्ये निघाला. आज ते खंड मोबाईलवर फुकट उतरवता येतात. तुमच्यापैकी किती जणांनी उतरवलेत ते विचारत नाही, बरेच असतील. उघडलेत किती?

तेव्हा आपल्याकडं प्रत असली पाहिजे, आणि एकीपेक्षा जास्त. कामाचं पान दिसलं की ते पीडीएफ करून घ्या. इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था १९९६ पासून जगभरची पानं जपते. तिच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून त्या पानाची आजची प्रत ठेवून घेता येते, पैसे पडत नाहीत. माझं ते मेलेलं पान मला नंतर तिथंच सापडलं. पण तिच्यावरही सगळा भार टाकू नका, २०२४ च्या ऑक्टोबरात हल्ला झाला तेव्हा तीही काही दिवस बंद पडली होती. बुकमार्क ब्राउझरमधून फाइल करून काढता येतात. ती फाइल उघडून बघा, पहिल्याच ओळीत नेटस्केपचं नाव दिसेल. ती कंपनी केव्हाच संपली, तिनं पाडलेली रीत अजून सगळे ब्राउझर वाचतात. कुठलंही साधन निवडताना मी आता एकच विचारतो, यातून माझा माल एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? येत असेल तर राहतो. नसेल तर ते कितीही देखणं असो, सलाम. झोटेरो नावाचं एक आहे, विद्यापीठातल्या लोकांनी २००६ मध्ये काढलेलं, फुकट आणि खुलं. पान, पुस्तक, शेरा, मार्का, सगळं आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतं. कॉलेजातल्या पोरांनी ते शिकावं आणि आम्हाला शिकवावं.

सरकारी कागदाचं एक वेगळं सांगतो, कारण आपली निम्मी भांडणं तिथंच असतात. पत्ता जपू नका, ओळख जपा. कायदा असेल तर त्याचं नाव, वर्ष, कलम. महाराष्ट्र शासनाचा जीआर असेल तर खात्याचं नाव, तारीख आणि कागदावर छापलेला संगणक संकेतांक. संकेतस्थळ दहा वेळा बदलू दे, आकडा टाकला की कागद हाती लागतो. मी ही साधी गोष्ट जाणत असतो तर २०२२ ला टपरीवर भिजलो नसतो.

काकांच्या वहीचा उदो उदो करून मी थांबणार नाही. तिच्यातही खोट आहे. एकच प्रत, तीही पत्र्याच्या पेटीत, खाली ओल. ‘अपघात’ वहीची आठ-दहा पानं वाळवीनं खाल्लीत. आणि मुख्य म्हणजे वही कापल्या दिवसापाशी थांबते. २१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. काकांचा लाडका १९७० चा ठेका कामगार कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत गेला. आमच्या गोदी कामगारांच्या सुरक्षेचा १९८६ चा कायदाही त्यातच गेला. १९४८ चा किमान वेतन कायदा वेतन संहितेत गेला. ठेकेदारानं मजुरी चुकवली तर मूळ मालकावर जबाबदारी येते, ते तत्त्व नव्यातही आहे, पण कलम बदललं. उद्या कुणी ‘कलम २१, १९७०’ एवढंच लिहून अर्ज घेऊन गेला, तर साहेब हसेल आणि आपलीच माणसं परत म्हणतील, गेला वाहून. जुनं फाडून टाकायचं नाही, कारण मधल्या काळासाठी जुन्यातल्या तरतुदी आणि नियम चालू राहतील असं सरकारनं सांगितलंय. त्यावर तारीख टाकून शेजारी नवं लावायचं. हे काम वहीपेक्षा मोबाईलवर सोपं आहे. काकांना मी नवी संहिता गॅझेटमधून उतरवून दाखवली, तर चष्मा वर करून म्हणाले, ‘बघू, छापून आण.’

हल्ली या सगळ्याला क्युरेशन म्हणतात. इंग्रजी शब्द, म्युझियममधून आलेला, कोटवाल्यांचा. माझी मावशी कचरा वेचते. दिवसभरात गोणी भरते, संध्याकाळी दारात ओतते. मग बसते निवडायला. पांढरा कागद वेगळा, रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा, काच, लोखंड, ॲल्युमिनियम. प्लास्टिक तर ती चुरगाळून आवाजावरून सांगते, कडक की नरम, भाव किती. ज्याला भाव नाही ते बाजूला सारते, जीव अडकवत नाही. गोणी न निवडता भंगारवाल्याकडं नेली तर मिश्र मालाचा भाव मिळतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, हे ती मला हसत सांगते. आपल्या तेराशे लिंका म्हणजे न निवडलेली गोणी. निवडण्याची अक्कल आपल्या वस्तीत पिढ्यानपिढ्या आहे. आपण तिला ज्ञान म्हणायला तयार नव्हतो, त्याचं कारण शोधायला लांब जायला नको.

आणि आपण निवडलं नाही तर आपल्यासाठी दुसरा निवडतोच. मोबाईल उघडला की जे पुढ्यात येतं तेही कुणीतरी लावलेलं दुकान आहे. काल काय बघितलं त्यावरून आज दाखवतं. मी एकदा मारामारीचे चार व्हिडिओ बघितले तर आठवडाभर मला मारामारीच दाखवली. त्याच्या लेखी मी तेवढाच.

गेल्या वर्षापासून आम्ही नऊ-दहाजण रविवारी संध्याकाळी बसतो. प्रत्येकानं एकच लिंक आणायची, वाचलेली. मराठीत तीन ओळी लिहायच्या. काय आहे, कशाला उपयोगी, शंका काय. शंका नसेल तर वाचलंच नाही असं धरतो. सगळं एका सामाईक यादीत जातं, महिन्याच्या शेवटी फाइल पेन ड्राइव्हवर, आणि कामाची पानं छापून वस्तीतल्या अभ्यासिकेच्या कपाटात. मराठीत छापून ठेवली की ज्यांच्या मोबाईलचा डेटा बाराव्या दिवशी संपतो ते आणि बायाही वाचतात. महिन्याला चाळीसच नोंदी होतात. चळवळीच्या मोठ्या ग्रुपवर तेवढ्या लिंका एका सकाळी येतात, माहीत आहे.

मार्क्यावरून आमच्यात एकदा जोरदार खडाजंगी झाली, ती सांगण्यासारखी आहे. एका पोरानं आपल्या कवींच्या सगळ्या कवितांना ‘दलित’ मार्का लावला आणि बाकीच्यांच्या कवितांना ‘कविता’. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, सवयीनं लावला. दुसरा उसळला, ‘च्यायला, यादीतसुद्धा आपल्याला वेशीबाहेर ठेवलंस की!’ दोन तास वाद. एकाचं म्हणणं, मार्का काढला तर आपला माल त्यांच्या ढिगात हरवेल. ते खोटं नाही, गोदीत बिनमार्क्याच्या मालाचं काय होतं ते मी बघितलंय. शेवटी असं ठरलं की सगळ्या कवितांना ‘कविता’ लागेल, शिवाय ती कशाबद्दल आहे तेही लागेल, भूक, पाऊस, आई, पोलीस, प्रेम. आणि ‘दलित’ लावायचं असेल तर समोरच्याच्या कवितेलाही त्याची जात लावायची. तेव्हापासून यादीत ‘सवर्ण, पाऊस’ अशी एक नोंद आहे. बघून प्रत्येक नवा माणूस हसतो, मग थोडा गप्प होतो.

सध्या आमचं एक काम चालू आहे. काकांच्या वह्या मोबाईलवर स्कॅन करतोय, पान अन् पान. काका पेटी घराबाहेर नेऊ देत नाहीत, त्यामुळं त्यांच्याच खोलीत, बल्बखाली. मी फोटो काढतो, एकजण फाइलला नाव देतो, साल, विषय, कलम. काका शेजारी बसून कुठलं कात्रण कुणाच्या भांडणातलं ते सांगतात, तेही आम्ही लिहून घेतो. मधेच एखादं पान बघून म्हणतात, ‘हे नको, हे मी उगाच ठेवलं होतं,’ आणि आमच्यासमोर फाडतात. ‘पगार’ झाली, ‘फंड’ झाली, ‘घर’ अर्ध्यावर आहे. ‘अपघात’ची पानं एकमेकांना चिकटलीत, ती ओल्या फडक्याच्या वाफेनं सुटतील असं काकांचं म्हणणं, मला भीती वाटते. या आठवड्यात माझी दुसरी पाळी आहे, रात्री उशीर होतो. पुढच्या सोमवारी पहिली लागली की ती वही घेऊ.